नडगीचा फोटो

नडगी हे माणसाच्या अंगातलं सगळ्यात उपेक्षित हाड आहे, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. मणक्याचं कौतुक सगळ्यांना असतं. गुडघ्याचं तर विचारूच नका, आमच्या मुलुंडच्या बागेत संध्याकाळी बाकांवर बसणाऱ्यांना गुडघ्याखेरीज दुसरा विषय नसतो. पण गुडघ्याच्या खाली उतरायला कुणी तयार नाही. नडगीची आठवण येते ती पलंगाचा कोपरा लागल्यावर, आणि तेव्हाही माणूस शिव्या पलंगाला घालतो.

हे कळवळून सांगायचा मला अधिकार आहे, कारण चौतीस वर्षं मी एका सरकारी रुग्णालयात एक्स-रे काढले. पेशंट आम्हाला 'फोटोवाले' म्हणायचे. "श्वास धरा, हलू नका" हे मी आयुष्यात इतक्या वेळा बोललोय की बायको म्हणते, लग्नाच्या फोटोतसुद्धा तुम्ही श्वास धरूनच उभे आहात. साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून चेपलेली बोटं यायची, शाळांमधून मनगटं यायची आणि नडग्या सगळीकडून यायच्या. फिल्म धुऊन बाहेर आली की ती उजेडावर धरून मी सांगायचो, हा माणूस नेमका कसा पडला. डॉक्टर नंतर सांगायचे, मी आधी सांगायचो. ते माझं काम नव्हतं, पण खोड होती.

एकदा मढचा एक कोळी आला. तगडा, चाळिशीचा. म्हणाला, "होडीवर दोरात पाय अडकला नि पडलो." मी फिल्म बघितली. नडगी पिळवटून मोडली होती, म्हणजे पाऊल जागच्या जागी आणि वरचं अंग गर्रकन फिरलेलं. मी म्हटलं, "दोर असेल रे बाबा, पण बँजोही वाजत होता ना?" त्याच्या कानामागे हळद तशीच राहिली होती. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, मित्राच्या हळदीत नाचलो. बायकोला होडी सांगितलीय, तेवढं सांभाळा." ही गोष्ट मी पुढे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगितली. शेवटी जिलबीचा तुकडा वर धरून म्हणायचो, माणूस खोटं बोलेल, हाड बोलणार नाही. लोक हसायचे आणि मला अजून एक जिलबी वाढली जायची.

निवृत्त होऊन पाच वर्षं झाली आणि माझी स्वतःची नडगी मोडली.

आमची सोसायटी तीन मजल्यांची, खाली पार्किंग आणि पुढे थोडं आवार. आवारात पेव्हर ब्लॉक बसवलेत, त्यातले काही खचलेत. मुलं संध्याकाळी तिथेच सायकली फिरवतात, क्रिकेट खेळतात आणि खडूने घरं आखून ठिकरी खेळतात. ठिकरी म्हणजे चपटा दगड घरात टाकायचा आणि एका पायावर लंगडी घालत, रेघेवर पाय न पडू देता सगळी घरं पार करून यायचं. एका संध्याकाळी मी त्यांचा खेळ बघत उभा होतो आणि बोलता बोलता म्हणालो की शाळेत असताना मी आठही घरं एका दमात करायचो. त्यावर दुसऱ्या मजल्यावरची एक नऊ वर्षांची मुलगी मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "आजोबा, खरंच?" त्या 'खरंच'मध्ये संशय नव्हता, दया होती. दया मला सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी दुधाची पिशवी घेऊन येत होतो. आवारात चिटपाखरू नव्हतं. आदल्या दिवशीची घरं तशीच आखलेली होती. मी दुधाची पिशवी भिंतीवर ठेवली, इकडेतिकडे बघितलं आणि सुरुवात केली. सांगायला हरकत नाही, सहा घरं अगदी झकास झाली. सातव्यात वळायचं होतं. मी वळलो, पण माझी रबरी चप्पल खचलेल्या ब्लॉकच्या फटीत अडकली होती आणि तिच्यातलं पाऊल काही वळलं नाही. जो आवाज आला तो मला ओळखीचा नव्हता, कारण आमच्याकडे माणसं आवाज होऊन गेल्यावर यायची. पण आत काय झालंय ते मला खाली बसायच्या आधीच कळलं होतं.

पडताना आधाराला म्हणून मी जे धरलं, ती त्या नऊ वर्षांच्या मुलीची सायकल होती. ती माझ्याबरोबर आडवी झाली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बायको ओरडली, "अहो! काय झालं?"

मी म्हणालो, "सायकल..."

एवढंच. शपथेवर सांगतो, मी एकच शब्द बोललो. मला पुढे बहुतेक म्हणायचं होतं की सायकल धरायला गेलो. पण कळ मस्तकात गेली आणि वाक्य तिथेच राहिलं. ते बाकीच्यांनी पूर्ण केलं. बायको ओरडली, "सायकलने उडवलं का हो?" वॉचमन धावत आला. तो नाक्यावर चहाला गेला होता, आणि गेटवर नव्हतो असं सांगण्यापेक्षा काहीतरी बघितलं असं सांगणं त्याला बरं वाटलं असावं. म्हणाला, "एक पोरगा पळताना दिसला." मला रिक्षात घालेपर्यंत त्या सायकलला वेग आला होता आणि हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत त्या पोराने लाल टी-शर्ट घातला होता.

हॉस्पिटलमध्ये माझा फोटो काढणारा मुलगा पंचविशीचा. त्याने पाय नीट सरळ ठेवला नव्हता, ते मी त्याला कण्हत कण्हत सांगितलं. फिल्म आली. बघायला मला चष्मादेखील लागला नाही. नडगीच्या खालच्या भागात एक लांब तिरकी रेघ हाडाभोवती वळसा घालून वर गेली होती. अगदी पुस्तकात छापावी अशी. डॉक्टरांनी विचारलं, "काका, कसं झालं?" बायको म्हणाली, "सायकलने धडक दिली हो, कुठली कार्टी काय माहीत." डॉक्टरांनी फिल्म बघितली, मग मला बघितलं. मी छताकडे बघत होतो. ते "बरं" म्हणाले आणि मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घालायला सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलं? सांगणार होतो. पण बायकोने मला दोन वर्षांपूर्वी स्टुलावर चढायची बंदी केली होती, जिना उतरताना कठडा धरायची सक्ती केली होती, आणि मी त्या दोन्हींवरून घरात भांडण केलं होतं की मला म्हातारा समजू नकोस. तिला मी कोणत्या तोंडाने सांगणार की मी ठिकरी खेळत होतो, तेही एकटा? सायकलने उडवलेल्या माणसाला सहानुभूती मिळते. ठिकरीत पडलेल्याला मिळत नाही. शिवाय मला वाटलं, आठवडाभरात लोक विसरतील.

लोक विसरले नाहीत. आमचे सेक्रेटरी गेली चार वर्षं आवारातला खेळ बंद करायला कारण शोधत होते, कारण त्यांची गाडी तिथे असते. आवारात कॅमेराही आहे, पण तो त्या गाडीखेरीज दुसरं काही बघत नाही. तिसऱ्या दिवशी नोटीस लागली: ज्येष्ठ सभासदास झालेली गंभीर दुखापत लक्षात घेता आवारात सायकल, क्रिकेट, ठिकरी, पकडापकडी इत्यादी सर्व खेळांस मनाई करण्यात येत आहे, कायमचा निर्णय सर्वसाधारण सभेत. ते 'इत्यादी' बघून मला वाईट वाटलं. मुलांना आता श्वास घ्यायलाही परवानगी लागली असती.

आणि दुसऱ्या मजल्यावरचे ते गृहस्थ, त्या मुलीचे वडील, चिकू घेऊन आले. मुलीला पुढे उभी केली होती. म्हणाले, "काका, हिने सायकलला कुलूप लावलं नव्हतं. कुणीतरी उचलली आणि तुम्हाला धडकला. हिच्या निष्काळजीपणामुळे झालं सगळं. मी सायकल माळ्यावर टाकलीय." मुलगी माझ्या प्लास्टरकडे बघत म्हणाली, "सॉरी आजोबा." मी म्हणालो, "असू दे गं." केवढा मोठेपणा! ते गेल्यावर मी दोन चिकू खाल्ले. चांगले गोड होते.

दोन आठवड्यांनी ती एकटीच आली. हातात वही, कंपासपेटी. शाळेत प्रत्येकाला एका हाडावर पाच मिनिटं बोलायचं होतं. वर्गातल्या निम्म्या मुलांनी कवटी घेतली होती. तिने नडगी घेतली. मी खूश होऊन विचारलं, "नडगी का गं?" ती म्हणाली, "बिल्डिंगमध्ये एक मोडलेली आहे ना, म्हणून." आणि मग लगेच, "ती जुळेल ना?"

"जुळेल म्हणजे काय! हाड जिवंत असतं. खांबासारखं नसतं ते. त्यात रक्त फिरतं. मोडलं की ते स्वतःच स्वतःला सांधायला लागतं. आधी मऊ गाठ येते, मग ती कडक होते."

"नक्की जुळेल?"

"नक्की."

तिने ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर खालून दोन मुलं आली, कारण खेळ बंद असल्यामुळे सगळ्यांना वेळच वेळ होता. मी पलंगावर, पाय उशांच्या ढिगावर, आणि मुलं जमिनीवर. इतका चांगला श्रोतृवर्ग मला पंगतीतसुद्धा मिळाला नव्हता.

"पाय पुढे करा," मी म्हटलं. "गुडघ्याखालून बोट ठेवा आणि सरळ खाली घोट्यापर्यंत फिरवा. मांस लागलं का?"

"नाही. डायरेक्ट हाड."

"हीच नडगी. टिबिया. पुढच्या बाजूला वर कातडी, खाली हाड, मध्ये गादीच नाही. म्हणून जरा लागलं तरी डोळ्यांसमोर तारे चमकतात."

"मग देवाने गादी का नाही दिली?" मुलीने विचारलं.

"दिली की. मागे. ती पोटरी."

"पण माणूस पुढे आपटतो ना! गादी चुकीच्या साइडला दिलीय."

चौतीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "तेवढं लिहू नकोस."

मग मी त्यांना नडगीच्या शेजारचं हाड सांगितलं. ते बारीक, बाहेरच्या अंगाला, नाव फिब्युला. उभं राहिलं की वजन जवळजवळ सगळं नडगी पेलते, हे नुसतं बाजूला उभं असतं, थोडंफार धरतं, स्नायूंना चिकटायला जागा देतं. "म्हणजे ग्रुप प्रोजेक्टमधला पार्टनर," मुलगी म्हणाली आणि बरोबर आलेल्या एका मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "ए, मी चार्ट आणला होता ना!" मी फिब्युलाची बाजू घेतली. म्हटलं, घोटा बाहेरून तेच हाड सांभाळतं. घोट्याला दोन टेंगळं असतात, बघा. आतलं टेंगूळ नडगीचं टोक आहे, बाहेरचं फिब्युलाचं. आणि बाहेरचं जरा खाली असतं. त्यावर सगळ्यांनी आपापले घोटे चाचपले, मग एकमेकांचे, आणि मग मुलीने स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बायकोचे तपासले. ती आतून ओरडून म्हणाली, "आजोबा, आजींचं पण खालीच आहे!" बायकोला कितीतरी दिवसांत इतकं हसताना मी ऐकलं नव्हतं.

लहान मुलांच्या नडगीच्या टोकांशी फोटोत एक काळी रेघ दिसते, तिथे हाड अजून वाढत असतं, हेही सांगितलं. नवखा माणूस त्या रेघेला फसतो, त्याला वाटतं हाड मोडलंय. मुलाने विचारलं, "तुमची रेघ आहे?" मी म्हटलं, "बुजली." "कधी?" "तुझे बाबा जन्मायच्या आधी." त्याने माझ्याकडे जरा आदराने बघितलं.

रोज जाताना मुलगी दारात थांबायची आणि विचारायची, "जुळतंय ना?" मला वाटायचं, किती गोड पोरगी आहे. ती असं का विचारते, हा विचार मी मुद्दाम करत नव्हतो.

हे सगळं चाललं असताना मी घरात वॉकर घेऊन फिरायचो. मोडलेला पाय जमिनीला लावायचा नव्हता, त्यामुळे पलंगापासून संडासापर्यंत चांगल्या पायावर उडी, पुढे वॉकर, पुन्हा उडी. म्हणजे ज्या खेळाने पाय मोडला तोच खेळ आता डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवसातून सहा वेळा चालला होता.

शुक्रवारी ती म्हणाली की तिच्या भाषणात अजून एक मिनिट कमी पडतंय. रविवारी सभा होती, सोमवारी तिचं भाषण. मी म्हटलं, "मग हाड मोडतं कसं ते सांग. वर्ग गप्प होईल बघ." आणि मी तिला खडू आणायला सांगितलं. खालच्या ठिकरीचे खडू आता नुसतेच पडून होते, ती चार घेऊन आली.

माझं ज्ञान मला आवरत नाही, हा माझा मोठा दोष आहे. मी पहिला खडू घेतला, अर्धा टेबलाच्या कडेबाहेर धरला आणि फूटपट्टीने फटका मारला. खडू सरळ आडवा तुटला. "बघ. बाहेरून काही आडवं येऊन आपटलं, काठी, गाडीचा बंपर, की हाड साधारण असं मोडतं. आडवं."

"सायकल?"

"हो, सायकलसुद्धा," मी शिकवण्याच्या भरात म्हणालो.

मग दुसरा खडू दोन्ही हातांनी टोकांना धरला आणि ओला कपडा पिळतात तसा पिळला. तो तुटला तो तिरका, वळसा घेत, दोन्ही तुकड्यांना लांब निमुळती टोकं. "आणि हे पिळून मोडणं. पाऊल अडकलं आणि अंग फिरलं की असं. हे दोन प्रकार आंधळ्यालाही हाताने कळतील. कुणी काहीही सांगो, फोटो बघून..."

इथे मी थांबलो. पण तोवर ती तुकडा घेऊन उठली होती. माझी फिल्म खिडकीच्या ग्रिलला चिकटपट्टीने लावलेली होती. मीच लावायला सांगितली होती, मुलांना शिकवायला. तिने खडूचा तुकडा फिल्मशेजारी धरला. मान तिरकी केली. मग पहिल्या खडूचा तुकडा आणून तोही धरून बघितला.

"आजोबा," ती म्हणाली, "हा तर दुसरा खडू आहे."

 स्वयंपाकघरात बायको भाजी निवडत होती. माझ्या तोंडून जे निघालं ते मी चौतीस वर्षांत कधी बोललो नव्हतो. "तसं... कधीकधी सायकलनेही असं होतं. चाक एका ठरावीक कोनातून आलं तर."

"कुठल्या?"

"तिरक्या."

ती खाली बसली, वही उघडली आणि जिभेचं टोक बाहेर काढून, एकेक अक्षर गिरवत लिहू लागली. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होती: "सायकल तिरकी आली तर नडगी पिळून मोडते." पूर्णविराम दिला. मग वर न बघता म्हणाली, "आजोबा, मी स्टँड नीट लावलं नव्हतं. माझी सायकल तिरकीच उभी होती."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. नऊ वर्षांची पोर आठवडाभर रोज येऊन विचारत होती जुळतंय का, आणि मी तिला गोड म्हणत होतो. तिला वाटत होतं की माझा पाय तिने मोडला. आणि आता तिला ते माझ्याकडून, शास्त्रासकट, लेखी मिळालं होतं.

"खोड ते," मी म्हटलं.

"का?"

"चूक आहे. शेवटची ओळ खोड."

"मग बरोबर काय?"

"तुझ्या सायकलने काही केलं नाही. कुणी ती चालवतच नव्हतं. मी ठिकरी खेळत होतो. एकटाच. चप्पल अडकली, मी वळलो आणि पडलो. पडताना तुझी सायकल धरली, म्हणून ती पडली."

आत भाजीची परात खाली ठेवल्याचा आवाज आला.

मुलीने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे माझी सायकल नव्हती?"

"नव्हती."

"नक्की?"

"नक्की."

तिने रबर घेतलं आणि ती ओळ खोडली, इतकी जोरात की कागद फाटला. मग कंपासपेटी भरली आणि निघून गेली. दारात थांबली नाही, काही विचारलं नाही.

बायको हातात मेथीची जुडी घेऊन बाहेर आली. "ठिकरी?" ती म्हणाली.

"सहा घरं झाली होती," मी म्हणालो.

"तीन आठवडे मी तुमच्या पायाखाली उशा सरकवतेय. तीन आठवडे मी जिन्यात त्या पोरीच्या आईशी धड बोलले नाही. आणि तुम्ही ठिकरी खेळत होतात?" मग ती पलंगाच्या कडेला बसली. मला वाटलं रडतेय, पण ती हसू दाबत होती आणि चिडलेलीही होती, आणि दोन्हींपैकी काय आधी करावं हे तिला कळत नव्हतं. शेवटी म्हणाली, "रविवारी सभेत सांगायचं. सगळ्यांसमोर. नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलं तर मीठमसाला लावून सांगेन."

शनिवारी मुलगी आली नाही. मी खडू आणि फिल्म दोन्ही बघत बसलो. रविवारी सकाळी दोघा शेजाऱ्यांनी मला खुर्चीत बसवून जिन्याने खाली उतरवलं. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मला पहिल्या रांगेत बसवलं, पाय दुसऱ्या खुर्चीवर. सेक्रेटरींनी मला पुरावा म्हणूनच मांडलं होतं. मुलांना सभेला बंदी असल्याने ती गाड्यांमागे उभी होती. ती मुलगी मात्र वडिलांच्या खुर्चीशेजारी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

सेक्रेटरींनी ठराव वाचला आणि म्हणाले, "काका, आपण दोन शब्द सांगा, म्हणजे सभासदांना गांभीर्य कळेल."

मी सांगितलं. सगळं. दूध, भिंत, सहा घरं, चप्पल. वॉचमन मध्येच पाण्याची मोटर बघायला निघून गेला.  मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तोंडाला पदर लावला आणि मागून कुणीतरी विचारलं, "काका, कितव्या घरात गेलात?" मी म्हटलं, "सातव्या." मग काय, वाट लागली. सेक्रेटरी सोडून सगळे हसत होते. ते म्हणाले, "शांतता! म्हणजे धोका आहेच ना! ठिकरी धोकादायक आहे हे सिद्धच झालं." त्यावर गाड्यांमागून एक आवाज आला, "अंकल, आमचा एकही पाय मोडला नाहीये." बऱ्याच वादावादीनंतर मुलांवरची बंदी उठली, आणि त्याऐवजी ठराव आला की साठ वर्षांवरील सभासदांनी आवारात ठिकरी खेळू नये. "अनुमोदन," माझी बायको म्हणाली. एवढ्या वर्षांत ती सभेत पहिल्यांदाच बोलली होती.

खुर्च्या सरकायला लागल्या. मुलीचे वडील तिला घेऊन माझ्यापाशी आले. भला माणूस. म्हणाले, "काका, सगळ्यांसमोर बोललात, मोठी गोष्ट आहे." मग मुलीला म्हणाले, "चल, आजोबांना थँक्यू म्हण."

"मी का?" ती म्हणाली.

"अगं, त्यांनी खरं सांगितलं ना."

"मी त्यांना सॉरी म्हटलं होतं," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण आजूबाजूचे थांबले. "तुम्ही मला म्हणायला लावलं होतं, बाबा. आणि मी काहीच केलं नव्हतं. मला कुणीच सॉरी म्हटलं नाही."

 सेक्रेटरी कागद आवरू लागले. मी इतकं सगळं बोललो होतो, सातव्या घरापर्यंतचं, लोकांना हसवलं होतं, पण हा एक शब्द माझ्या तोंडून आलाच नव्हता. मी वॉकर ओढला. बायको म्हणाली, "अहो, बसून बोला." पण मला बसून बोलता येईना. दोन्ही हातांवर भार टाकून मी चांगल्या पायावर उभा राहिलो.

"सॉरी," मी तिला म्हणालो. "तुझी सायकल नव्हती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुला किती वाईट वाटत असेल हे मला कळायला हवं होतं. मी कळून घेतलं नाही."

ती माझ्याकडे नीट बघत राहिली, मी सांगतोय ते खरं आहे का हे तपासत असल्यासारखी. माझा उभा पाय थरथरायला लागला होता. मग तिने मागची खुर्ची माझ्या पायाशी सरकवली.

"बसा आता," ती म्हणाली. "आणि तो पाय वर ठेवा, खाली लोंबला तर सुजतो."

मी बसलो.